ग्रुप बी स्ट्रेप पॉझिटिव्ह आलंय: गोळ्या आत्ता घ्यायच्या की औषध कळांच्या वेळी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या, दुसऱ्यांदा आई होणाऱ्या बाईंचा ३६ व्या आठवड्यात स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेला नमुना) घेतला आणि ‘ग्रुप बी स्ट्रेप पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट आला. तिथल्या डॉक्टरांनी आत्ता औषध दिलं नाही, कळा सुरू झाल्या की शिरेतून पेनिसिलिन देऊ असं सांगितलं. इकडे आईच्या ओळखीतल्या डॉक्टरांनी सात दिवस अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या सुचवल्या. पहिलं बाळंतपण पुण्यात झालं, तेव्हा ही तपासणी झालीच नव्हती. हे इन्फेक्शन आहे का, बाळाला धोका किती, आणि ऐकायचं कोणाचं?

तिथल्या डॉक्टरांचं ऐका. गोळ्या घेऊ नका. आणि कळा सुरू झाल्या किंवा पाणी जायला लागलं, तर घरी थांबू नका. तुमचं हे दुसरं बाळंतपण असल्यामुळे ही तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. कारण पुढे येईलच.

आधी नावाचा गोंधळ दूर करू. हा जंतू म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस अ‍ॅगॅलॅक्टिए. ‘अ‍ॅगॅलॅक्टिए’चा अर्थ दूध नसणं. गाई-म्हशींच्या कासदाहात हा जंतू सापडायचा आणि जनावरांचं दूध आटायचं, त्यावरून हे नाव पडलं. तुमच्या दुधाशी त्याचा काही संबंध नाही, बाळाला अंगावर पाजायला अजिबात हरकत नाही. माणसात त्याचं कायमचं घर आतड्यात असतं आणि तिथून तो योनीमार्गात येतो. अमेरिकेत दर १०० गरोदर बायकांपैकी १० ते ३० जणींच्या अंगावर तो असतो. त्यांना खाज, ताप, अंगावरून जाणं असा काहीच त्रास होत नाही. म्हणजे हे इन्फेक्शन नाही, जंतूचं वास्तव्य आहे. शरीरसंबंधातून होणाऱ्या आजारांत तो मोडत नाही. नवऱ्याची तपासणी किंवा उपचार लागत नाहीत, आणि स्वच्छता कमी पडली असाही त्याचा अर्थ होत नाही. हे स्पष्ट लिहितोय, कारण रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ दिसलं की घरात नको त्या शंका सुरू होतात आणि बाई दिवस भरत आले असताना मनातल्या मनात कुढत बसते.

बाळाचं गणित असं. औषध दिलंच नाही, तर २०० पॉझिटिव्ह आयांपैकी सुमारे १०० बाळांच्या अंगावर हा जंतू येतो, आणि त्या १०० पैकी १ ते २ बाळं खरोखर आजारी पडतात. आकडा लहान वाटतो, पण आजार लहान नाही. जंतू रक्तात, फुप्फुसात, कधी मेंदूच्या आवरणात जातो, आणि बहुतेक बाळांत पहिल्या २४ ते ४८ तासांतच लक्षणं दिसतात. कळांच्या काळात शिरेतून औषध दिलं तर हे प्रमाण पॉझिटिव्ह आयांमध्ये सुमारे ४००० बाळांत एकापर्यंत खाली येतं. अमेरिकेत १९९० मध्ये दर १००० जिवंत जन्मांमागे १.८ बाळांना पहिल्या आठवड्यात हा आजार व्हायचा. २०१५ पर्यंत तो आकडा ०.२३ वर आला. मधल्या काळात १९९६ मध्ये पहिली राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आली, आणि २००२ पासून प्रत्येक गरोदर बाईची तपासणी करायची असं ठरलं. स्वस्त, जुन्या औषधाने एवढा फरक पडल्याची उदाहरणं प्रसूतिशास्त्रात फार नाहीत.

आता गोळ्यांचा प्रश्न. जंतूचं बिऱ्हाड आतड्यात आहे. सात दिवस अमॉक्सिसिलिन घेतलं की योनीमार्गातला जंतू तात्पुरता कमी होतो, पण आतड्यातून तो पुन्हा येतो आणि बाळंतपणाच्या दिवशी अनेक जणी पुन्हा पॉझिटिव्ह असतात. बाळाला संरक्षण तेव्हाच मिळतं, जेव्हा प्रत्यक्ष कळांच्या वेळी औषध आईच्या रक्तात असतं, वारेतून बाळाच्या रक्तात आणि गर्भजलात पोचतं. म्हणजे तुमच्या हातातला कागद हा आजाराचा रिपोर्ट नाही, तो बाळंतपणाच्या दिवसासाठी लिहिलेला निरोप आहे. त्या दिवशी तो लेबर रूमच्या टेबलावर असला तरच त्याचा उपयोग. गोळ्यांचं आणखी एक नुकसान आहे: ‘उपचार झाले’ असं सगळ्यांना वाटतं आणि ज्या दिवशी औषध हवं त्या दिवशी ते राहून जातं.

याला अपवाद एकच. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत, हा जंतू दर मिलिलीटरला १ लाख किंवा अधिक आला, किंवा लघवीला जळजळ, ताप अशी लक्षणं असली, तर तेव्हाच गोळ्यांचा पूर्ण कोर्स द्यावा लागतो. आणि लघवीत तो कितीही कमी संख्येने सापडला, अगदी तिसऱ्या महिन्यात सापडला असला, तरी कळांच्या वेळचं पेनिसिलिन चुकत नाही. लघवीत येणं म्हणजे अंगावर जंतूंची गर्दी जास्त आहे. अशा बाईचा ३६ व्या आठवड्याचा स्वॅब घ्यायची गरजच नसते. तिला पॉझिटिव्हच धरायचं. आधीच्या बाळाला हा आजार झाला असेल, तरी तोच नियम.

स्वॅबबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात आणि भारतात ही तपासणी करून घेणाऱ्यांनाही याचा उपयोग होईल.

वेळ: ३६ आठवडे पूर्ण झाल्यापासून ३७ आठवडे ६ दिवसांपर्यंत. निगेटिव्ह रिपोर्टवर साधारण ५ आठवडेच विसंबता येतं, म्हणून ३६ व्या आठवड्यात घेतलेला स्वॅब ४१ आठवड्यांपर्यंत पुरतो. सातव्या महिन्यात ‘एकदाचं उरकून टाकू’ म्हणून घेतलेला स्वॅब बाळंतपणाच्या दिवशी काय स्थिती असेल ते सांगत नाही.

जागा: आधी योनीमार्गाचा खालचा भाग, म्हणजे तोंडापासून साधारण दोन सेंटिमीटर आत, आणि मग त्याच किंवा दुसऱ्या स्वॅबने गुदद्वाराच्या स्नायूच्या जरा आत. नुसतं बाहेरून फिरवून चालत नाही. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून पाहायचं साधन) लावायची गरज नाही. नीट समजावून सांगितलं तर बाई स्वतःसुद्धा हा स्वॅब घेऊ शकते, आणि तो तितकाच चांगला येतो. आपल्याकडे ‘हाय व्हजायनल स्वॅब’, म्हणजे योनीमार्गाच्या वरच्या भागातला नमुना, पाठवण्याची सवय आहे. या तपासणीसाठी ती जागा चुकीची आहे. गुदद्वाराचा भाग वगळला की अनेक पॉझिटिव्ह बायका निगेटिव्ह ठरतात.

नंतर स्वॅब अ‍ॅमिज किंवा स्टुअर्ट ट्रान्सपोर्ट माध्यमात (लॅबपर्यंत जंतू जिवंत ठेवणाऱ्या नळीत) ठेवून, शक्यतो २४ तासांच्या आत लॅबमध्ये पोचवायचा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये. कोरडी काडी उन्हाळ्यात दुपारभर टेबलावर पडून राहिली तर जंतू मरतो आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. अलीकडे कुठलंही अँटिबायोटिक घेतलं असेल तर तेही फॉर्मवर लिहावं, त्यानेही जंतू दबून राहतो.

लॅबमधली पायरी डॉक्टरांनाही नेहमी माहीत नसते. हा स्वॅब थेट ब्लड अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या, प्लेटवर ओढला तर आतड्यातले इतर जंतू त्याला झाकून टाकतात आणि जवळपास निम्म्या केसेस हुकू शकतात. म्हणून आधी तो निवडक ब्रॉथमध्ये, म्हणजे इतर जंतूंना रोखून हाच वाढू देणाऱ्या द्रवात, घालतात, उदाहरणार्थ कोलिस्टिन आणि नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड असलेल्या टॉड-ह्युइट ब्रॉथमध्ये. ३५ ते ३७ अंश सेल्सिअसला १८ ते २४ तास ठेवतात आणि मग प्लेटवर घेतात. प्लेट २४ तासांनी पाहायची, काही दिसलं नाही तर ४८ तासांनी पुन्हा पाहायची. मग कॅम्प टेस्ट किंवा लेटेक्स अ‍ॅग्लुटिनेशनने ओळख पक्की करायची. ब्रॉथमधून पीसीआर केला तर आणखी थोड्या केसेस सापडतात. हे सगळं होण्यासाठी फॉर्मवर ‘ग्रुप बी स्ट्रेप स्क्रीनिंग, योनी-गुदद्वार स्वॅब, ३६ आठवडे’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं ‘व्हजायनल स्वॅब कल्चर’ लिहिलं की लॅब आपलं नेहमीचं कल्चर करते, आणि ‘नॉर्मल फ्लोरा’ (नेहमीचेच जंतू) असा रिपोर्ट हातात येतो. त्या कागदावरून ग्रुप बी स्ट्रेप नाही असं म्हणता येत नाही.

पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर तेही त्याच फॉर्मवर लिहायचं, म्हणजे क्लिंडामायसिन या पर्यायी औषधाने जंतू मरतो का, हे लॅब पाहून ठेवते आणि त्याबरोबर लपलेला प्रतिकार शोधणारी डी-टेस्टही करते. रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये ही माहिती नव्याने मिळत नाही.

आता बाळंतपणाचा दिवस. पेनिसिलिन जीचा पहिला डोस शिरेतून ५० लाख युनिट, त्यानंतर बाळ होईपर्यंत दर ४ तासांनी २५ ते ३० लाख युनिट. किंवा अ‍ॅम्पिसिलिन २ ग्रॅम आणि नंतर दर ४ तासांनी १ ग्रॅम. पेनिसिलिनला पसंती, कारण त्याचा मारा नेमका आहे आणि इतर जंतूंमध्ये प्रतिकार तयार होण्याची शक्यता कमी राहते. भारतात हे पेनिसिलिन जी, म्हणजे क्रिस्टलाइन पेनिसिलिन, वेळेवर मिळेलच असं नसतं, तिथे अ‍ॅम्पिसिलिन हा व्यवहार्य पर्याय आहे. दंडात किंवा कमरेत देतात ते बेंझाथिन पेनिसिलिन इथे चालत नाही. ते हळूहळू झिरपतं, त्याची रक्तातली पातळी या कामाला पुरत नाही. प्रत्येक डोस अर्ध्या तासात संपतो. मधल्या वेळात सुई बंद करून ठेवता येते, त्यामुळे चार तास सलाइनला बांधून पडावं लागेल ही भीती नको. चालता-फिरता येतं.

अ‍ॅलर्जीबद्दल ‘आहे’ एवढंच सांगू नका, नेमकं काय झालं होतं ते सांगा. लहानपणी औषधानंतर चार दिवसांनी थोडं पुरळ आलं, हे एक. इंजेक्शननंतर अर्ध्या तासात अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला, हे पूर्ण वेगळं. पहिल्या प्रकारात सेफाझोलिन देतात: २ ग्रॅम, मग दर ८ तासांनी १ ग्रॅम. दुसऱ्या प्रकारात क्लिंडामायसिन ९०० मिलिग्रॅम दर ८ तासांनी, पण जंतू त्याला दाद देतो असं रिपोर्टमध्ये लिहिलं असेल तरच. नाहीतर व्हँकोमायसिन, वजनाच्या दर किलोला २० मिलिग्रॅम, दर ८ तासांनी, एका डोसला जास्तीत जास्त २ ग्रॅम. एरिथ्रोमायसिन आता या कामासाठी वापरत नाहीत. ‘मला पेनिसिलिन चालत नाही’ म्हणणाऱ्या बहुसंख्य लोकांना तपासणीत खरी अ‍ॅलर्जी निघत नाही, आणि ती तपासणी गरोदरपणात सुरक्षितपणे करता येते. तुमच्या हातात अजून दोन-तीन आठवडे आहेत, शंका असेल तर ती आत्ताच मिटवून घ्या.

आणि आता चार तासांचा मुद्दा. पहिला डोस आणि बाळाचा जन्म यांत किमान ४ तास मिळाले तर संरक्षण पुरेसं मानतात. पहिलटकरणीला कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत बहुधा भरपूर वेळ मिळतो. दुसऱ्या खेपेला तसा मिळेलच असं नाही. ‘कळा पाच मिनिटांवर आल्या की निघू’ हा पहिल्या वेळचा हिशेब तुम्ही धरू नका. नियमित कळा सुरू झाल्या की हॉस्पिटलला फोन करा, रस्त्यातल्या गर्दीचा वेळ मोजा, आणि दारात पहिलं वाक्य हे बोला: ‘मी जीबीएस (ग्रुप बी स्ट्रेप) पॉझिटिव्ह आहे, दुसरं बाळंतपण आहे.’ कळा नसताना पाणी गेलं तरी लगेच निघा. पॉझिटिव्ह बाईत दिवस भरलेले असताना पाणी गेलं तर वाट पाहत बसत नाहीत, औषध सुरू करतात आणि कळाही आणतात. चार तास मिळणार नाहीत असं दिसलं तरी डोस द्यायचाच. दोन तासांतही योनीमार्गातल्या जंतूंची संख्या बरीच खाली येते. उलट, केवळ चार तास भरावेत म्हणून गरजेचं सिझेरियन किंवा प्रसूती लांबवायची नसते.

ठरवून सिझेरियन असेल, कळा सुरू झालेल्या नसतील आणि पाणीही गेलेलं नसेल, तर या पेनिसिलिनची गरज नाही. ऑपरेशनपूर्वी जखमेसाठी देतात ते अँटिबायोटिक वेगळं आणि ते द्यायचंच. तरीही अशा बाईचा स्वॅब घेतात, कारण तारखेच्या आधी कळा सुरू होऊ शकतात.

क्लोरहेक्सिडिनने योनीमार्ग धुणं किंवा पुसणं याचा बाळाला फायदा होत नाही. दक्षिण आफ्रिकेत सोवेटो इथे हजारो बायकांवर हे नीट तपासून झालं आहे. लसणीची पाकळी आत ठेवणं, दही लावणं असले उपाय इंटरनेटवर फिरतात. त्यांनी नाजूक त्वचेला इजा होऊ शकते आणि बाळाला संरक्षण मिळत नाही. ते करू नका.

पुण्यात तपासणी का झाली नाही, याचं उत्तर निष्काळजीपणा असं नाही. भारतात प्रत्येक गरोदर बाईची ही तपासणी करण्याचं राष्ट्रीय धोरण नाही. ब्रिटनमध्येही ती सरसकट होत नाही, तिथे धोक्याची चिन्हं पाहून औषध देतात. भारतात नवजात बाळांच्या जंतुसंसर्गाचं चित्रच वेगळं आहे. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांतला २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहिला, तर आजारी बाळांच्या रक्तात मुख्यतः अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय सापडले, ग्रुप बी स्ट्रेप फार कमी. पण त्यावरून ‘आपल्याकडे तो नाहीच’ असं म्हणणं मला धोक्याचं वाटतं. या जंतूने बाळ गेलं तर अनेकदा पहिल्या काही तासांतच जातं, रक्ताचं कल्चर पाठवायच्या आधी. आणि गरोदर बायकांमधले भारतीय आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, यामागे स्वॅबची जागा आणि ब्रॉथ वापरला की नाही हेही एक कारण आहे.

म्हणून भारतात तपासणी झाली नसेल, तर धोक्याची चिन्हं पाहून औषध सुरू करायचं: ३७ आठवड्यांच्या आत कळा, पाणी जाऊन १८ तास किंवा जास्त, कळांच्या काळात ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप, लघवीत हा जंतू, आधीच्या बाळाला हा आजार. मागच्या गरोदरपणात पॉझिटिव्ह असलेली बाई या वेळी पुन्हा पॉझिटिव्ह असण्याची शक्यता साधारण निम्मी असते, हेही लक्षात ठेवायचं. पाणी कधी गेलं याची वेळ घड्याळ बघून लिहून ठेवा. ‘सकाळी कधीतरी’ यावर १८ तास मोजता येत नाहीत.

आणि भारतात प्रत्येकीने करून घ्यावी अशी एक साधी तपासणी म्हणजे लघवीचं कल्चर, पहिल्या भेटीतच. १०० पैकी २ ते १० गरोदर बायकांच्या लघवीत काही त्रास नसताना जंतू असतात. उपचार न केल्यास त्यातल्या ३० टक्क्यांपर्यंत बायकांना पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग होतो, थंडी वाजून ताप येतो आणि वेळेआधी कळा येण्याचा धोका वाढतो. नुसती पट्टी बुडवून केलेली तपासणी पुरत नाही. पट्टीवरचं नायट्राइट ई. कोलायसारखे जंतू तयार करतात, स्ट्रेप करतच नाही. नमुना देताना आधी पाण्याने स्वच्छ धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली धार निर्जंतुक बाटलीत घ्या आणि बाटली दोन तासांत लॅबला द्या.

आपल्याकडे तपासणी एका गावात आणि बाळंतपण माहेरी दुसऱ्या गावात, हे नेहमीचं आहे. स्वॅब नाशिकला, कळा सांगलीत. असा रिपोर्ट फाइलच्या तळाशी राहिला तर तो केल्याचा काहीच उपयोग होत नाही. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहा: जीबीएस पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह, स्वॅबची तारीख, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे की नाही. फोनमध्ये फोटो ठेवा आणि बरोबर येणाऱ्या माणसाला तो कुठे आहे ते दाखवून ठेवा.

बाळ झाल्यावर: पूर्ण दिवसांचं, चांगलं दिसणारं बाळ आणि पुरेसं औषध मिळालेलं असेल तर वेगळ्या तपासण्या लागत नाहीत. औषध अपुरं पडलं असेल तर ३६ ते ४८ तास हॉस्पिटलमध्येच लक्ष ठेवतात. क्लिंडामायसिन किंवा व्हँकोमायसिन मिळालं असेल तर बालरोगतज्ज्ञ ते पूर्ण संरक्षण मानत नाहीत, म्हणून कुठलं औषध मिळालं ते त्यांना सांगा. घरी गेल्यावर पाहायचं ते असं: श्वास पूर्ण एक मिनिट मोजून ६० च्या वर, पोट उडणं, प्रत्येक श्वासाला कण्हणं, छाती आत ओढली जाणं, दूध न ओढणं, दुधाच्या वेळेला उठवूनही न उठणं, ओठ निळसर पडणं. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस असावं. नवजात बाळाला संसर्गात ताप येण्याऐवजी अंग गार पडू शकतं, आणि घरातली मंडळी थंडी समजून दुपट्यात आणखी गुंडाळत राहतात. गुंडाळून, छातीशी धरूनही अंग गरम होत नसेल तर लगेच हॉस्पिटल.

हाच जंतू उशिरा, सातव्या दिवसापासून ८९ व्या दिवसापर्यंतही आजार करू शकतो, आणि त्यात मेंदूज्वराचं प्रमाण जास्त असतं. कळांच्या वेळच्या पेनिसिलिनने तो टळत नाही. म्हणजे सव्वा महिना झाला, आता धोका गेला, असं धरू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश किंवा वर ताप आला तर घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही. बाळाला घेण्याआधी प्रत्येकाने, आजी-आजोबांनीही, साबणाने हात धुवायचे.

हॉस्पिटलमधून निघताना डिस्चार्जच्या कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: कुठलं औषध दिलं, पहिला डोस किती वाजता सुरू झाला, बाळ किती वाजता झालं. बाळ पुढे कधी आजारी पडलं तर बालरोगतज्ज्ञ सर्वांत आधी हेच विचारतील.